जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय: खोक्यावरचा आकडा आणि कॅबिनेटमागची भिंत

ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंचा हा डेस्कटॉप. २०११-१२ च्या सुमाराचा, एका कार्यालयात वापरून झालेला, सडपातळ कॅबिनेटचा. मदरबोर्डवर इंटेलचा एच६१ चिपसेट, दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ २१०० प्रोसेसर, पुढे वाढवून ८ जीबी केलेली रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. वर विंडोज १०. कामापुरता संगणक अजून ठणठणीत. तक्रार एकच: संध्याकाळच्या तासाला चित्र गोठतं, आवाज तुटतो आणि मुलं "ताई, ऐकू येत नाही" म्हणत राहतात. त्याच खोलीत, त्याच वेळी, ताईंच्या फोनवर मात्र सगळं सुरळीत.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. "सगळ्यात वेगवान वाय-फाय कुठलं ते सांग, ते बसवून टाकू." जुन्या संगणकाच्या बाबतीत बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा घेऊन येतात. माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी तीन गोष्टी ठरतात: अँटेना नेमकी कुठे उभी राहणार, संगणकात काय बसू शकतं आणि चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणारा प्रोग्रॅम, कोण सांभाळतं. या प्रकरणात पहिल्या गोष्टीनेच निम्मा निकाल लावला.

आधी दोष कुठे आहे ते

संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये नखाएवढा नॅनो डोंगल होता. ८०२.११एन, म्हणजे आजच्या भाषेत वाय-फाय ४, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, एकच स्ट्रीम, म्हणजे एका वेळी डेटाचा एकच प्रवाह. त्याच्या खोक्यावर १५० एमबीपीएस लिहिलेलं असतं, पण तो आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरचा. शेजारीपाजारी नेटवर्कांची गर्दी असली की राउटर बहुधा २० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि तिथे या डोंगलची कमाल ७२ एमबीपीएस. दुपारी विंडोज तेवढा जोडणीवेग दाखवत होतं. संध्याकाळी तो विशीत घसरायचा. आणि जोडणीवेग म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारा वेग नव्हे. वाय-फायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. शिवाय पोचपावत्या, प्रतीक्षा, पुन्हा पाठवणं. हे सगळं वजा केलं की साधारण निम्मं उरतं, गर्दीत त्याहून कमी.

तरीही अडॅप्टरवर ठपका ठेवण्याआधी बाकीचे संशयित बाजूला काढले. राउटरपासून डेस्कटॉपपर्यंत लॅनची लांब वायर जमिनीवरून तात्पुरती टाकली. जोडणी १५० एमबीपीएसची आहे, ती संध्याकाळी पूर्ण मिळाली. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, राउटर ठीक, संगणकही ठीक. ही तपासणी बरेच जण टाळतात आणि नवीन अडॅप्टर आणूनही प्रश्न तसाच राहिला की हताश होतात.

खरं तर ही वायर कायमची ठेवणं हेच सगळ्यात चांगलं उत्तर होतं. डेस्कटॉप जागचा हलत नाही, त्याच्या मदरबोर्डवर गिगाबिट लॅन आहे. ताईंना तसं सुचवलंही. पण वायर दाराच्या उंबऱ्यावरून जाणार, भिंतीला भोक पाडायचं नाही, आणि तासाला येणारी लहान मुलं पायात अडकणार. त्यांचा नकार रास्त होता.

मग फोन हातात घेतला. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं कुठलंही साधं ॲप पुरतं; हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी, ५ गिगाहर्ट्झवर उणे ५५च्या आसपास आकडा आला, म्हणजे उत्तम. तोच फोन कॅबिनेटच्या मागे, जिथे डोंगल होता तिथे धरला तर उणे ७० किंवा त्याहून खाली. दोन जागांमध्ये हातभर अंतर, पण फरक १५ डेसिबलचा. दर १० डेसिबलला ताकद दहापट बदलते, तेव्हा १५ म्हणजे जवळपास तीसपट. लोखंडी कपाटात बसून बाहेरच्याशी बोलावं तशी त्या डोंगलची गत होती: पुढे पत्र्याचं कॅबिनेट, मागे भिंत, भोवती पॉवर, मॉनिटर आणि प्रिंटरच्या वायरींचं जाळं.

संध्याकाळचं कोडंही इथेच सुटतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूचे सगळे राउटर, ब्लूटूथ हेडफोन, मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात. दुपारी जेमतेम पुरणारा सिग्नल संध्याकाळच्या गोंगाटात बुडतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असल्यामुळे त्याला या गर्दीची झळ लागत नव्हती.

शेवटचा पुरावा फोननेच दिला. बहुतेक अँड्रॉइड फोनांना यूएसबी टेदरिंग येतं, आणि फोन वाय-फायवर असेल तर तीच जोडणी तो वायरीतून संगणकाला देतो. मोबाइल डेटा बंद केला, फोन टेबलावर ठेवला, यूएसबी वायरीने डेस्कटॉपला जोडला. फोनच तात्पुरता वाय-फाय अडॅप्टर झाला. त्या संध्याकाळचा तास एकदाही न अडखळता पार पडला. काही विकत न घेता एवढं कळलं की ५ गिगाहर्ट्झ आणि टेबलावरची जागा या दोन गोष्टी मिळाल्या की ताईंचं काम होतं. (नवीन विंडोज टाकल्यावर नेटवर्क ड्रायव्हरच नसला, तर तो उतरवून घ्यायलाही हीच युक्ती कामी येते.)

संगणकात काय बसतं

एच६१ चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाही. इंटेलने ते चिपसेटच्या आत आणलं २०१२च्या सातव्या मालिकेपासून. काही एच६१ बोर्डांवर वेगळी चिप लावून निळे पोर्ट दिलेले असतात, या बोर्डावर तेही नव्हते. म्हणजे यूएसबी २.० वरच भागवायचं: कागदावर ४८० एमबीपीएस, हातात साधारण २८० ते ३२०. इथे लोक यूएसबीचा पर्याय घाईने खोडतात. ताईंची लाइन १५० ची आहे आणि व्हिडिओ तासाला तर फार तर ४-५ एमबीपीएस लागतात. यूएसबी २.० ची मर्यादा खरी आहे, पण इथे ती कोणाच्याच वाटेत येत नाही.

उलट तिचा एक फायदाही आहे. यूएसबी ३.० च्या वायरी आणि जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी २.० पोर्टवर हा त्रास उद्भवत नाही. काही अडॅप्टरांच्या ड्रायव्हरमध्ये मुद्दाम यूएसबी २ वर चालवायची सोय असते ती यासाठीच.

बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचे दोन स्लॉट होते, एक लांब, एक आखूड, दोन्ही रिकामे, कारण चित्र प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतं. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन सेकंदाला ५०० मेगाबाइट वाहून नेते. कुठल्याही घरगुती वाय-फाय कार्डाला ती पुरून उरते. आखूड कार्ड लांब स्लॉटमध्येही बसतं. मात्र याहून जुन्या संगणकांत साधा पीसीआय स्लॉट असतो, बहुधा पांढरा, आणि त्यात आजचं कार्ड बसत नाही. कॅबिनेट उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्ड मागवू नये. आणखी एक अडचण सडपातळ कॅबिनेटची: कार्ड मागून कॅबिनेटला धरून ठेवणारी पट्टी तिथे साधारण ८ सेंटीमीटर उंचीची, आखूड लागते, नेहमीची १२ सेंटीमीटरची नाही. चांगल्या कार्डाबरोबर दोन्ही पट्ट्या येतात, पण सगळ्यांबरोबर नाही.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तेव्हा ही दुसरी पिढी त्या यादीत येण्याचा प्रश्नच नाही. हा संगणक लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा नाही असं ताई आधी म्हणत होत्या. ब्राउझर आणि तासाची खिडकी तशीच दिसते हे दाखवल्यावर तयार झाल्या. म्हणजे अडॅप्टर आज विंडोज १० वर आणि उद्या मिंटवर, दोन्हीकडे चालायला हवा. ही अट घातली आणि यादी झपाट्याने आखडली.

पर्याय तपासताना

पहिला पर्याय दुसरा नॅनो डोंगल, या वेळी ड्युअल-बँड. तो लगेच बाद केला. ५ गिगाहर्ट्झ मिळालं असतं, पण तेवढ्याशा अँटेनाला त्याच पत्र्यामागे बसवायचं. भिंती ५ गिगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त अडवतात, तेव्हा सुधारणा अर्धवटच राहिली असती.

दुसरा पर्याय पीसीआय एक्सप्रेस कार्ड, जो जाणकार मंडळी डोळे झाकून सुचवतात. कारणं चांगली आहेत. इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० वर बेतलेली कार्डं सहज मिळतात, लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्यांचे ड्रायव्हर अनुक्रमे ५.१ आणि ५.१० पासून आहेत, आणि प्रोसेसरवर भार कमी पडतो. पण मागच्या पट्टीला थेट पिळून बसवलेल्या अँटेनाच्या दोन काड्या पुन्हा त्याच जागी येतात जिथे जुना डोंगल गुदमरत होता. कार्ड नवीन, चिप उत्तम आणि अँटेना पत्र्याआड. कार्ड घ्यायचंच तर चुंबकी बैठकीची, वायरीवरची अँटेना असलेलं घ्यावं. तरी त्या पातळ कोॲक्स वायरीत ५ गिगाहर्ट्झची ताकद मीटरमागे बरीच गळते, त्यामुळे ती फार लांबवता येत नाही.

या कार्डांमध्ये दोन खाचखळगे आहेत ते सांगून ठेवतो. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावं एएक्स२०० आणि एएक्स२१० सारखीच दिसतात, आकारही तोच, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या नव्या चिपसेटच्या पोटात होतं. २०११ च्या बोर्डावर ती निर्जीव पडून राहतात. दुसरा खळगा ब्लूटूथचा: कार्डाचं वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून चालतं, ब्लूटूथ मात्र यूएसबीवरून. त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरपर्यंत एक छोटी वायर लावावी लागते. ती लावली नाही की "कार्डाचं ब्लूटूथ खराब आहे" अशी तक्रार येते. आणि विंडोज ७ वर अडून बसलेल्यांसाठी: या दोन्ही चिपांना इंटेलने विंडोज ७ चा ड्रायव्हर दिलेला नाही.

तिसरा पर्याय फारसा कोणी विचारात घेत नाही, तो म्हणजे जुना राउटर. अनेक राउटरांना क्लायंट किंवा ब्रिज मोड असतो. राउटर मुख्य वाय-फायला जोडला जातो आणि संगणकाला लॅनच्या वायरीने इंटरनेट देतो. संगणकाला वाटतं आपण वायरीवर आहोत, त्यामुळे ड्रायव्हरची भानगडच संपते. विंडोज ७ असो, मिंट असो, की आणखी काही. अँटेना हवी तिथे ठेवा. ताईंच्या घरात असा ड्युअल-बँड राउटर पडून असता, तर मी यापलीकडे गेलोच नसतो. नव्हता, आणि मुद्दाम विकत घेऊन आणखी एक प्लग अडवणं त्यांना नको होतं.

उरला चौथा: उघडमिट करता येणाऱ्या दोन अँटेनांचा यूएसबी अडॅप्टर, यूएसबी एक्स्टेंशन वायरीवर. या वायरीत कोॲक्ससारखी गळती नाही. तिच्यातून रेडिओ सिग्नल न जाता आकड्यांचा डेटा जातो, तो एकतर पूर्ण पोचतो नाहीतर जोडणीच तुटते. यूएसबी २.० ला एकूण ५ मीटरपर्यंत मुभा आहे, पण लांब आणि बारीक वायरीत विजेचा दाब उतरतो, म्हणून दीड मीटरवर थांबलो. वीज हा इथला खरा नाजूक मुद्दा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतो, यूएसबी ३.० चा ९००. यूएसबी ३ गृहीत धरून बनवलेला अडॅप्टर जोरात पाठवताना जुन्या पोर्टच्या मर्यादेपाशी पोचू शकतो आणि मग मध्येच गायब होऊन परत येतो. म्हणून तो मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टलाच लावायचा. पुढच्या पॅनेलचे पोर्ट आतल्या बारीक वायरींवर असतात, आणि स्वतःची वीज नसलेला हब तर नकोच.

आता कुठे खोक्यावरचे आकडे. एसी १२०० म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ८६७ अधिक २.४ चे ३००. एएक्स १८०० म्हणजे १२०१ अधिक ५७४. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो, त्यामुळे ही बेरीज कधीच हाती लागत नाही. ती छापण्यासाठीच असते. ताईंचा राउटर वाय-फाय ५ चा, दोन स्ट्रीमचा. समोर कितीही मोठा अडॅप्टर ठेवला तरी जोडणी ८६७ च्या वर जाणार नाही. एएक्स ३००० लिहिलेला अडॅप्टर या घरात एएक्स १८०० इतकाच वागला असता. ६ गिगाहर्ट्झची तर गोष्टच नको, राउटरलाच तो पट्टा नाही.

निवड शेवटी चिपने केली. यूएसबी अडॅप्टरांत रिअलटेकची ८८१२एयू ही चिप बरीच दिसते, आणि विंडोजवर ती व्यवस्थित चालते. पण लिनक्स कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर बराच उशिरा, ६.८ नंतर आला, त्याआधीच्या कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर स्वतः बांधावा लागतो, आणि कर्नल अद्ययावत झाला की तो कधी बसेल, कधी रुसेल. लिनक्स मिंट २२ निघाली ती कर्नल ६.८ घेऊन. तासाच्या पाच मिनिटं आधी ताईंनी ड्रायव्हर बांधत बसावं ही कल्पनाच चुकीची. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आहे, एमटी७९२१एयू चा ५.१८ पासून. पहिली वाय-फाय ५, दुसरी वाय-फाय ६. राउटर आज ना उद्या बदलेल म्हणून दुसरी घेतली. पहिली मिळाली असती तरी आजच्या अनुभवात फरक पडला नसता.

चिपचं नाव खोक्यावर बहुधा नसतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच मॉडेल क्रमांकाखाली आवृत्ती एकमध्ये एक चिप आणि आवृत्ती तीनमध्ये वेगळ्याच कंपनीची चिप असू शकते. अडॅप्टरच्या स्टिकरवर हार्डवेअर आवृत्ती बारीक अक्षरात असते, ती वाचायची आणि परत करण्याची सोय आहे ना ते आधीच विचारून घ्यायचं. लावल्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी खरी ओळख सांगतो.

बसवताना

अडॅप्टर लावला आणि विंडोजला दिसली ती एक सीडी ड्राइव्ह. हा बिघाड नाही. बऱ्याच यूएसबी अडॅप्टरांच्या पोटात ड्रायव्हर ठेवलेला असतो आणि पहिल्यांदा ते सीडीचं सोंग घेतात. ड्रायव्हर बसला की खऱ्या रूपात येतात. लिनक्सवर हे सोंग उतरवण्याचं काम यूएसबी मोडस्विच नावाचं छोटं साधन करतं, आणि बहुतेक वेळा ती खोटी ड्राइव्ह 'इजेक्ट' केली तरी भागतं.

जुना नॅनो डोंगल काढून टाकला. दोन्ही राहिले तर विंडोज दोन्हींवर जोडणी धरून बसतं आणि कुठल्या वाटेने काय जातंय ते कळत नाही. राउटरवर ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव दिलं, म्हणजे संगणक परत २.४ कडे घसरणार नाही. राउटर तोवर ५ गिगाहर्ट्झच्या अशा चॅनेलवर होता जिथे रडारला प्राधान्य असतं. तिथे रडारचा सिग्नल दिसला की राउटरला चॅनेल सोडून जावं लागतं आणि जोडणी क्षणभर तुटते. तो ३६ वर आणला. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, कारण अडॅप्टरला डुलकी लागू देणं हे अचानक तुटणाऱ्या वाय-फायचं जुनं कारण आहे.

अडॅप्टर आता मॉनिटरशेजारच्या पुस्तकांच्या फळीवर, दाराच्या बाजूला तोंड करून उभा आहे. जोडणीवेग ६५० ते ८६७ च्या दरम्यान हलतो, लाइनचे १५० संध्याकाळीही पूर्ण मिळतात. माझ्या दृष्टीने जास्त बोलका आकडा वेगळा. राउटरला पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं, तर पूर्वी मध्येच काही शे मिलिसेकंदांची उसळी यायची, आता ते २ ते ५ मध्ये टिकून आहे. व्हिडिओ तास वेगाअभावी फार क्वचित मोडतो. तो मोडतो या उसळ्यांनी. घरातल्या लॅपटॉपवरून मोठ्या फायली आणताना सेकंदाला ३०-३५ मेगाबाइटच्या (म्हणजे २४०-२८० एमबीपीएसच्या) पुढे आकडा जात नाही, ती यूएसबी २.० ची भिंत. ताईंना ते माहीत आहे, आणि त्यांना त्याचं काही नाही.

हीच निवड कुठे उलटली असती तेही सांगतो. लाइन ३०० च्या वरची असती किंवा घरातल्या साठवण यंत्रावरून रोज मोठे व्हिडिओ आणायचे असते, तर यूएसबी २.० नको, वायरीवरच्या अँटेनाचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड हवं. तसंच कॅबिनेट टेबलाच्या वर, राउटरच्या नजरेसमोर असतं तर मागच्या पट्टीतल्या काड्यांनीही काम भागलं असतं, आणि मग कार्डच अधिक सुटसुटीत.

मिंटची चाचणी प्रत्यक्ष बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून घेतली. अडॅप्टर काही न करता ओळखला गेला, नेटवर्कांची यादी आली, ताईंनी स्वतः पासवर्ड टाकला. एकच बदल करावा लागला: मिंटमध्ये नेटवर्क मॅनेजर वाय-फायची वीजबचत चालू ठेवतो, तिचं मूल्य ३ वरून २ केलं. डेस्कटॉपला बॅटरी नाही, बचत कसली करायची? जुना नॅनो डोंगल ताईंनी टेबलाच्या खणात ठेवलाय.